गजाची वही: दत्तक घेतलेल्या थोराड कुत्र्याशी ओळख करून घेताना

गजा आमच्या दारात आला आणि उंबऱ्यावरच थांबला. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन ओट्यावर, मान खाली आणि नजर फरशीवर. मी "ये, ये" केलं. हिनं बिस्कीट दाखवलं. त्याला टेम्पोतून घेऊन आलेल्या पोरानं मागून हलकंसं रेटून बघितलं. चाळीस मिनिटं गेली. गल्लीतली चार डोकी जमली आणि शेजारच्या काकांनी निकाल देऊन टाकला, "लई हट्टी दिसतंय हो!"

हट्टी नव्हता. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, त्यानंतर दुरुस्ती करताना आम्ही बैठकीच्या खोलीतली जुनी शहाबादी काढून गुळगुळीत टाइल्स बसवल्या. सगळं आयुष्य शेतात मातीवर साखळीला काढलेल्या पन्नास किलोच्या जनावराचे पाय असल्या फरशीवर फाकतात. त्यानं ते एका पावलात ओळखलं, आम्हाला चाळीस मिनिटं लागली. हिनं जोंधळ्याची दोन रिकामी पोती आणून अंथरली. गजा त्यांच्यावरून एकेक पाय मोजत आत आला, कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. गाडीत चढणाऱ्या माणसाबद्दल पहिल्या पायरीवर जे मत होतं, ते तिसऱ्या स्टॉपपर्यंत टिकत नाही, हे मला पाठ असायला हवं होतं. तरी पहिल्या महिन्यात गजाला आमच्या घरानं तीन शिक्के मारले: हट्टी, मठ्ठ आणि माजोरडा. तिन्ही खोटे निघाले. प्रत्येकाच्या मागं एक साधं कारण होतं आणि ते शोधायला डोळे आणि एक शंभर पानी वही पुरली. ज्यांच्या घरी असं मोठं कुत्रं नुकतंच आलंय किंवा यायच्या वाटेवर आहे, त्यांच्यासाठी त्या वहीतलं लिहितोय.

गजा ग्रेट डेन आहे. नाव डेन्मार्कचं, पण कूळ जर्मनीतलं. अंगावर पिवळसर तांबूस रंग, तोंड काळं, उंची माझ्या कमरेला लागेल इतकी. कर्नाटकात अथणीकडच्या एका शेतावर राखणीला होता. मालकानं शेत विकलं आणि कुत्रं तिथंच सोडलं. मिरजेची एक मुलगी अशी कुत्री सांभाळते, तिच्याकडून तो संक्रांतीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे आला. कागदावर नाव रॉकी होतं, पण त्या हाकेला त्याचा कानही हलायचा नाही. म्हणून आम्ही गजा ठेवलं.

पहिले काही दिवस

त्या मुलीनं निघताना सांगितलं होतं, "काका, तीन दिवस तो घाबरलेला असेल, तीन आठवड्यांत घराची शिस्त कळेल आणि तीन महिन्यांनी खरा दिसेल." ठोकळमानानं हे खरं आहे. पण आकडे धरून बसू नका. गजानं पहिली शेपूट हलवली ती अकराव्या दिवशी, आणि तीही माझ्यासाठी नव्हती, गवळ्यासाठी होती.

या दिवसांत काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही याचीच यादी लांब आहे. पाहुणे बोलवायचे नाहीत. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी "एवढा मोठा कुत्रा!" म्हणून बघायला रांग लागली, तेव्हा मी दाराला आतून कडी घातली आणि खिडकीतून बोललो. चार लोक रागावले. अंघोळ घालायची नाही, वास मारत असला तरी. बाजारातून मिरवून आणायचं नाही. समोर वाकून दोन्ही हातांनी तोंड कुरवाळायचं नाही. माणसाला ते प्रेम वाटतं, नव्या कुत्र्याला ते डोक्यावर येणारं सावट वाटतं.

त्याला एक कोपरा ठरवून द्या, जिथून दार दिसतं पण जिथं येजा नाही. तिथं गादी हवीच. हे लाड म्हणून सांगत नाही. एवढ्या वजनाचं कुत्रं कडक फरशीवर बसलं की कोपरावर सगळा भार येतो, तिथली कातडी घट्ट होते, कधीकधी पाण्याची गाठ धरते. गजाच्या डाव्या कोपरावर लिंबाएवढी गाठ आलेली होतीच. डॉक्टर म्हणाले, "फोडायची नाही, दाबायची नाही, गादी द्या." घरातली जुनी कापसाची गादी पिंजून घेतली, वर तरट शिवलं. दोन महिन्यांत गाठ निम्मी झाली.

मग मी काय करायचो? रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, त्याच्याकडे कूस करून जमिनीवर बसायचो आणि पेपर वाचायचो. मोठ्यानं, एका सुरात. पावसाचे अंदाज, हळदीचे भाव, निधन वार्ता, सगळं. मधूनच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा त्याच्या बाजूला टाकायचा आणि बघायचं नाही. चौथ्या दिवशी तो तुकडा खायला एक पाऊल पुढं आला. सातव्या दिवशी माझ्या पाठीमागून येऊन मान हुंगून गेला. मानेवर तो गरम श्वास आला तेव्हा माझा आवाज जरा हलला, पण हळदीचे भाव वाचणं सोडलं नाही.

वहीत पाच रकाने आखले होते, वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशोबाच्या कागदासारखे: वेळ, खाल्लं-प्यायलं, शी-शू, त्याच्याआधी काय घडलं, आणि त्यानं काय केलं. चौथा रकाना सोन्याचा. "संध्याकाळी सातला भुंकला" यातून काही कळत नाही. "समोरच्यांनी शटर ओढलं, मग भुंकला" असं आठ वेळा लिहिलं गेलं की कळतं. मग आम्ही सातला पाच मिनिटं असताना त्याला मागच्या परसात न्यायला लागलो.

वजनकाटा आणि डॉक्टर

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंच, पण जाताना खरं वजन माहीत हवं. जंतांचं औषध, गोचिडांची गोळी, सगळा डोस वजनावर ठरतो आणि मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत अंदाज दहा-दहा किलोंनी चुकतो. दवाखान्यातल्या छोट्या काट्यावर गजाचे चार पाय एकदम मावेनात. शेवटी मार्केट यार्डात माझ्या मित्राच्या अडत दुकानात, हळदीची पोती तोलायच्या काट्यावर त्याला उभा केला. एक्कावन्न किलो. हमाल म्हणाले, "पोत्यापेक्षा एक किलो जास्त!" गजानं तेवढ्यात चार शिंका दिल्या. आता साडेचार महिन्यांनी त्याच काट्यावर एकसष्ट भरलाय. नराचं वजन याच्याही वर जातं, पण डॉक्टर म्हणाले, "घाई नको, सांध्यांवर भार येतो." बोटांनी चाचपल्यावर बरगड्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत.

आधीच्या लसींचा कागद नसेल तर लसी झाल्याच नाहीत असं धरून सुरुवात करायची. रेबीजची लस, बाकीच्या रोगांची एकत्र लस, आणि आमच्यासारख्या पाणी शिरणाऱ्या भागात लेप्टोची, कारण उंदरांच्या मुतातून तो रोग पाण्यात येतो. रक्त तपासून घ्या. शेतावरच्या कुत्र्यांत गोचीड ताप अंगात मुरलेला असतो. कुत्रं सुस्त दिसतं आणि आपण समजतो स्वभावच शांत. गजाला तो निघाला. औषधाचा कोर्स संपल्यावर "शांत" गजानं हिच्या दोन साड्या दोरीवरून ओढल्या. छाती नीट ऐकायला सांगा, या जातीत हृदय कमकुवत होण्याचं प्रमाण बरंच असतं. आणि मनाची तयारी ठेवा: यांचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं. दातांवरून गजा चारेक वर्षांचा. मी गणित करून बघितलं आणि वहीत लिहिलं नाही.

पालिकेचा परवाना वगैरे लसीच्या दाखल्यावर होतो, तो काढून टाका.

पोट

इथं जरा थांबून वाचा, कारण यात जीव जातो.

अरुंद, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटात वायू भरून पोट फुगतं आणि कधीकधी पिळा बसून स्वतःभोवती फिरतं. मग वायू वरही येत नाही, खालीही जात नाही, रक्त अडतं आणि काही तासांत खेळ संपतो. खुणा अशा: ओकारी काढतो पण बाहेर काही पडत नाही, फेस तेवढा येतो. पोट नगाऱ्यासारखं ताठ. बसतो-उठतो, एका जागी ठरत नाही, लाळ गळते, वळून पोटाकडे बघतो. यावर ओवा नाही, हिंगाचं पाणी नाही, "सकाळपर्यंत बघू" तर नाहीच नाही. गाडी काढायची. रात्री दोनला कुठले डॉक्टर उचलतात आणि कुणाची गाडी मिळते, हे कुत्रं घरी यायच्या आधी ठरलेलं हवं. आमच्या फ्रिजवर दोन फोन नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेत आणि रिक्षा उपयोगाची नाही हेही लिहिलंय, कारण गजा रिक्षात मावत नाही. एकदा मावला, तेव्हा मी मावलो नाही.

हे टाळायचं कसं? हमी कुणी देत नाही, पण एकदाच डोंगराएवढं जेवण देण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा थोडं द्यावं. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळापळ नको. गजा आला तेव्हा अर्ध्या मिनिटात थाळी साफ करायचा. शेतावर अन्न कधी मिळेल याचा नेम नव्हता, त्यामुळं चावणं त्याला माहीतच नव्हतं. हिनं मोठी परात घेतली, मधोमध एक जड पातेलं उपडं घातलं आणि अन्न भोवतीनं पसरलं. आता पातेल्याला प्रदक्षिणा घालत जेवायला सात-आठ मिनिटं लागतात.

अन्न बदलायची घाई करू नका. तो आधी काय खात होता ते विचारून घ्या. गजा भाकरी आणि ताकावर होता. आम्ही दुसऱ्याच दिवशी महागडं कोरडं खाणं वाटीभर घातलं आणि रात्री चार वेळा परसात गेलो. मग शहाणपण आलं: चार भागांतला एक भाग नवं, तीन जुनं, दोन दिवस. मग निम्मं-निम्मं. आठ-दहा दिवसांत पूर्ण.

आणि सांगलीकरांनो, आपल्या गावाची दोन भूषणं कुत्र्याला विषासारखी आहेत. एक बेदाणा. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, त्यामुळं सत्यनारायणाचा शिरा बंद. दुसरं भडंग, त्यातल्या लसणासाठी. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला बाधतात. चॉकलेट आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नकोत, ती हाडं कुसासारखी फुटून आतड्यात रुततात. ओट्यावर बसून भडंग खाणाऱ्या मंडळींना हे पटवायला मला गजापेक्षा जास्त वेळ लागला.

त्याची भाषा कोणती?

दुसरा शिक्का मठ्ठ. तिसरा आठवडा संपत आला तरी "बस" म्हटलं की बघत राहायचा. "सिट" म्हटलं की बघत राहायचा. नातीनं पुण्याहून फोनवर "सिट डाउन प्लीज" करून बघितलं, तेव्हा फोन हुंगला. ही म्हणाली, "देवानं अंग दिलं, अक्कल द्यायला विसरला."

आमच्या आईचं वय चौऱ्याऐंशी. तिला कुत्रं नकोच होतं. बाजेवर बसून ती दिवसभर गजाकडे संशयानं बघायची आणि तो लांबून तिच्याकडे. तिचं माहेर रायबागकडचं. लग्न होऊन सांगलीला आली त्याला साठ वर्षं होऊन गेली, तिचं कानडी घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. एका दुपारी गजा स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि आई बाजेवरून ओरडली, "ए! ब्याड!"

गजा जागच्या जागी थांबला. मान वळवून तिच्याकडे बघितलं. दोन्ही कान उभे.

आईला काय वाटलं कुणास ठाऊक, हळूच म्हणाली, "बा. बा इल्ली." आणि तो आला. टाइल्सवरून, पोती सोडून, सरळ तिच्या बाजेपाशी. "कुंद्रु," आई म्हणाली. गजा बसला, पाठ ताठ, शाळेतल्या पोरासारखा. मी चहाचा कप हातात धरून उभाच. तीन आठवडे आम्ही त्याला चुकीच्या भाषेत हाका मारत होतो. आई त्याच्याशी बोलतच राहिली, मला निम्मंही कळलं नाही, आणि मधेच तिनं पदर डोळ्याला लावला.

म्हणून म्हणतो, कुत्रं कुठल्या घरातून, कुठल्या गावातून आलं ते विचारा. माहीत नसेल तर एकेक भाषा लावून बघा: मराठी, हिंदी, इंग्रजी, कानडी, कोकणातून आलं असेल तर मालवणी. हाताच्या खुणाही करून बघा. जुने शब्द कळले की लगेच बदलू नका. आधी नवा शब्द म्हणायचा, मागोमाग जुना, आणि केलं की तुकडा. पंधरा-वीस दिवसांत नवा शब्द एकटा चालतो. आम्ही मात्र "कुंद्रु" आणि "निंद्रु" तसेच ठेवलेत. "निंद्रु" म्हणजे थांब. गल्लीतली पोरंही आता एकमेकांना निंद्रु म्हणतात.

गुरगुर

फेब्रुवारीतल्या एका थंड रात्री ही झोपलेल्या गजावर शाल घालायला वाकली आणि तो गुरगुरला. ग्रेट डेनची गुरगुर छातीच्या तळातून येते, मांडणीवरची भांडी ऐकतात. ही दोन पावलं मागं सरली. सकाळी शेजारच्या काकांनी तिसरा शिक्का दिला, "माज आलाय, दोन फटके द्या."

फटके देऊ नका. गुरगुर म्हणजे कुत्र्याची घंटी. आमच्या एसटीत एक घंटी वाजली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, दोन वाजल्या की सोडतो. घंटी तोडून टाकलीत तर माणूस खाली पडेपर्यंत कळायचं नाही. गुरगुरायला मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी गुरगुरत नाही, सरळ चावतं. आणि या मापाचं तोंड चावलं तर टाक्यांवर भागत नाही. त्या क्षणी जागेवर थांबायचं, डोळ्याला डोळा न देता कूस करायची आणि हळू मागं यायचं. मग वही उघडायची: आधी काय घडलं?

वहीत सापडलं. आठवडाभरात गजानं सहा वेळा डोकं झटकलं होतं, दोनदा उजवा कान गादीला घासला होता. मी लिहिलं होतं, जोडलं नव्हतं. डॉक्टरांनी कानात बघितलं तर आत पू. दहा दिवस थेंब घातले, निम्मी गुरगुर गेली. उरलेली निम्मी झोपेतल्या दचकण्याची होती. आता त्याच्याजवळ जायचं तर आधी लांबून नाव घेतो, त्यानं डोळा उघडला की मगच पुढं. अचानक चिडकं झालेलं कुत्रं आधी डॉक्टरांना दाखवा, नंतर शिस्तीचं बोला.

गुरगुरीच्या आधीही बारीक खुणा असतात, त्या शिकून घ्या. झोप आलेली नसताना जांभई. समोर खाणं नसताना जीभ नाकावर फिरवणं. मान दुसरीकडे, पण बुबुळ तुमच्याकडे, त्यामुळं डोळ्याचा पांढरा भाग कोरीसारखा दिसतो. अंग ताठ होणं. शेपूट हलतेय म्हणून खूश होऊ नका, उंच, ताठ आणि थरथरल्यासारखी हलणारी शेपूट खुशीची नसते. खुशीची शेपूट कमरेसकट हलते. डेनची तशी शेपूट टीपॉयच्या उंचीवर असते हेही लक्षात घ्या. आमचे तीन कप आणि एक चष्मा तिच्या खात्यावर आहेत. भिंतीवर आपटून तिचं टोक फुटतं, रक्ताचे शिंतोडे उडतात आणि जखम लवकर भरत नाही, म्हणून स्वागत मोकळ्या जागेत करावं.

हात लावायचा तर असा: खांद्यावर किंवा छातीवर तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. तो जवळ सरकला, नाकानं हात उचलला, तर पुढं चालू. तोंड फिरवलं किंवा उठून गेला तर ठीक, उद्या बघू. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा वर्षांची नात आली, तिला हेच शिकवलं: आपण त्याच्याकडे जायचं नाही, तो येईल. गळ्यात पडायचं नाही. तो जेवताना आणि झोपलेला असताना लक्ष्मणरेषा. तरी मी त्या दोघांना एक मिनिटही एकटं सोडलं नाही. तो वाईट म्हणून नव्हे. साठ किलोचं जनावर नुसतं वळलं तरी वीस किलोचं पोर भिंतीवर जातं.

तोंडातली वस्तू ओढून घेऊ नका, बदल्यात चांगलं काहीतरी द्या. माझी जुनी पैशांची चामडी बॅग त्यानं पळवली, तेव्हा अंडं देऊन सोडवली. सौदा मला महाग पडला नाही.

पट्टा

नवव्या दिवशी मी पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. स्कूटरखालून मांजर निघालं. पुढचं मला आठवतं ते गुडघ्याच्या उंचीवरून. मनगटाला तीन आठवडे पट्टी. तेव्हा पट्टा मनगटाला, बोटांना, कमरेला गुंडाळायचा नाही. फास अंगठ्यात, दुसरा हात पुढं, गुडघे किंचित वाकलेले. छातीवर कडी असलेला अंगपट्टा घ्या, ओढलं की कुत्रं तुमच्याकडे वळतं. गळ्यात नुसती साखळी नको.

पण खरा उपयोग झाला तो बघण्याचा. ओढ घेण्याआधी गजाचं तोंड मिटतं. एरवी जीभ बाहेर, लहालहा चालू असतं. काही दिसलं की तोंड बंद, कान पुढं, एक-दोन सेकंद पुतळा. त्या दोन सेकंदांत मी बोललो तर ऐकतो, नंतर तो माझा नाही. म्हणून मी मांजराकडे बघत नाही, त्याच्या तोंडाकडे बघतो. मिटलं की "गजा, बा", वळायचं, तुकडा.

सकाळी साडेपाचला निघतो, घाटाकडून आमराईपर्यंत. एप्रिल-मेमध्ये आठनंतर नाहीच. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला सोसेना तर त्याच्या पंज्यांनाही सोसत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दीतून छाती काढून जायचं नाही, रस्ता ओलांडून जायचं. आणि मुसकं घालायची सवय आधीच लावा, गरज पडेल त्या दिवशी नव्हे. जाळीदार टोपलीसारखं, ज्यात धाप टाकता येते आणि पाणी पिता येतं. त्याच्या आत दही लावून धरायचं, तो स्वतः तोंड घालेल. बांधायचं पाचव्या-सहाव्या दिवशी, तेही दहा सेकंद. दवाखान्यात, गाडीत, गर्दीत याचा उपयोग होतो. लोकांना भीती कमी वाटते आणि तुम्हालाही.

पावसाआधी

हे सगळ्यांना लागू नाही, पण नदीकाठच्यांना आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या वेळी लोकांनी मांजरं पिशवीत आणि छोटी कुत्री खांद्यावर घेऊन घरं सोडली. एकसष्ट किलोचं घाबरलेलं जनावर कुणी खांद्यावर घेत नाही. ते स्वतःच्या पायानं गाडीत चढलं पाहिजे.

गजा गाडीला भ्यायचा. असल्याच गाडीनं त्याला एका घरातून दुसऱ्यात नेलं होतं, त्याचं काय चुकलं? मेच्या सुरुवातीपासून समोरच्यांचा छोटा हत्ती टेम्पो मागितला. पहिला आठवडा गाडी नुसती उभी, गजाची परात तिच्या चाकाशी. दुसरा आठवडा मागचं फाळकं उघडं, त्याला लाकडी फळी टेकवलेली, फळीवर तेच जोंधळ्याचं पोतं. परात रोज वीतभर वर. तिसऱ्या आठवड्यात पुढचे दोन पाय फळीवर आले आणि दोन दिवस तिथंच राहिले, उंबऱ्यावर राहिले होते तसेच. या वेळी कुणी ढकललं नाही. मी गाडीत जाऊन बसलो, कूस करून, आणि पेपर काढला.

परवा मान्सून कोकणात आल्याची बातमी वाचत होतो. फळी करकरली. मी वर बघितलं नाही. मग सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. ही कुत्री आवडत्या माणसाला टेकून उभी राहतात, भिंतीला टेकावं तशी. मी ऐकलं होतं, गजानं तोवर कधी केलं नव्हतं. पाठ आखडली तरी मी हललो नाही, बातमी शेवटपर्यंत वाचली.

मग ड्रायव्हरला म्हटलं, "हळू घे, मार्केट यार्डापर्यंतच." फाळकं लावलं, आणि सवयीनं पत्र्यावर दोनदा थाप मारली.